फवारणीचा माणूस

ठोसरांच्या घरात कुठलीही गोष्ट एकट्या अप्पांना सांगता येत नसे. अप्पांना सांगायचं म्हणजे ओरडून सांगायचं, आणि ओरडलं की ते दगडी गडग्यापलीकडच्या भागोजीलाही कळायचं आणि पाणंदीतून जाणाऱ्या परक्यालाही. नातवानं, शौनकनं, पुण्याहून कानाचं यंत्र आणून दिलं होतं. ते शिट्ट्या मारतं म्हणून अप्पांनी पहिल्याच आठवड्यात ते देवघरातल्या फडताळात ठेवून दिलं. उमा म्हणायची, आमच्या मामंजींना ऐकू येत नाही असं कोण म्हणतं, हवं तेवढं येतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला नीरजाचा मुंबईहून फोन आला तेव्हाही हवं तेवढं आलं. दिवाळीला म्हणून गेलेले बागेतले दोन्ही नेपाळी गडी परतले नव्हते. हवा ढगाळ, आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे, दुसरी फवारणी तोंडावर आलेली. चौऱ्याऐंशी वर्षांचे अप्पा दिवसातून दहादा म्हणत, माणूस मिळत नाही. पालीच्या बाजारात प्रत्येकाला विचारून झालं होतं. अशात नात फोनवर ओरडली, "अप्पा, नाताळच्या सुट्टीत येत्ये. एका माणसाला घेऊन येत्ये."

"किती दिवस राहील?"

"तीन दिवस."

"तीन दिवसांत काय होणार म्हणा. पण असू दे. बरं केलंस हो."

पुढे उमानं फोन घेतला तेव्हा लेकीचा आवाज भिजलेला होता. "आई, अप्पा बरं केलंस म्हणाले." उमाला सगळं ठाऊक होतं. नितेश शिगवण, मंडणगड तालुक्यातला, लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर, दोन वर्षांची ओळख, मे महिन्यात लग्न करायचं. अप्पा नेमकं कशाला बरं म्हणाले तेही तिला त्याच क्षणी कळलं. तिनं सांगायला हवं होतं. ती एवढंच म्हणाली, "ये तू. आल्यावर बघू."

उमाला भित्री म्हणायचं तर म्हणा, पण तिच्या भीतीला कारण होतं. अडतीस वर्षांपूर्वी ती या घरात सून होऊन आली त्याच पावसाळ्यात तिच्या नणंदेनं, मथुरेनं, कोल्हापूरच्या एका जातीबाहेरच्या मास्तराशी लग्न केलं होतं. अप्पा विहिरीवर गेले आणि मुलीच्या नावानं आंघोळ केली. पाणी शेंदून कुणी दिलं? उमानं. एकोणीस वर्षांची नवी सून, सासऱ्यांनी पाणी मागितलं, तिनं दिलं. मथुरा पुन्हा आली नाही. दोन वर्षांपूर्वी ती कोल्हापूरला वारली. पालीवरून कोल्हापूरला सरळ गाडी जाते, पण घरातून कुणी गेलं नाही. तीन वर्षांमागे नवरा गेला, तेव्हापासून या घरात उमाला रोज बोलायला एक नीरजाच होती. दुसऱ्यांदा पाणी शेंदायची तिची तयारी नव्हती.

*

पंचवीस तारखेला सकाळी आठच्या सुमारास स्टेशनवरून आलेली रिक्षा गडग्याशी थांबली. अप्पा अंगणात उघडून टाकलेल्या पंपापाशी उभे होते. त्यांनी आधी नातीकडे पाहिलं, मग मागून उतरलेल्या उंच, रुंद खांद्यांच्या मुलाकडे, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"आला काय माणूस? ये, ये. पिशवी ठेव तिकडे पडवीत. पंप येतो काय दुरुस्त करता?"

नितेश वाकून पाया पडला. अप्पांनी तोंडभरून आशीर्वाद दिला आणि गाव विचारलं.

"मंडणगड," नितेश मोठ्यानं म्हणाला.

"आडनाव?"

"शिगवण."

"मग काय, शिकवायला नको. तुमच्याकडची माणसं पूर्वी पुष्कळ यायची आमच्याकडे. कामाला वाघ."

नीरजाचं तोंड उघडलं. "अप्पा, हा..."

"अं?" अप्पांनी हात कानामागे नेला.

भागोजी पंपापाशी उकिडवा बसला होता. दोन बायका पिंप धूत होत्या आणि हात थांबवून पाहत होत्या. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती आणि डोळ्यांनी नको नको म्हणत होती. जे सांगायचं होतं ते दोन वर्षं नीरजानं मनात घोळवलं होतं, पण ते बोलायचं होतं नेहमीच्या आवाजात. आता ते अंगणात उभं राहून लिलाव पुकारावा तसं ओरडायचं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"काय म्हणत्येस?"

"काही नाही."

नितेशनं तिच्याकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "जरा वेळानं सांगते. आत्ता सगळे आहेत रे."

"अगं चालेल. पंप तर बघू," तो म्हणाला आणि हसला. प्रत्येक अडचणीला त्याच्याकडे एक हसू असायचं. नीरजाला तो आवडला त्याचंही हेच कारण होतं, आणि त्या दिवशी तिनं त्याच हसण्याचा आधार घेतला.

त्यानं खांद्यावरच्या पिशवीतून एक खोका काढून उमापुढे धरला. "नाताळचा केक आहे. अंड्याशिवायचा. मुद्दाम सांगून करून घेतला."

उमानं तो घेतला. आता या मुलाला बस म्हणायचं की बसा? जावयाला बसा म्हणतात, कामावरच्या माणसाला बस. दोन्हीपैकी काहीही म्हटलं तरी ते अंगणात ऐकू जाणार होतं. "चहा ठेवत्ये," असं म्हणून ती आत वळली.

*

पंपाचा प्लग काळा पडला होता. नितेशनं तो काढून घासला, पुसला, पुन्हा बसवला. दुसऱ्या झटक्याला पंप सुरू झाला.

"भागोजी, बघ," अप्पा म्हणाले. "याला म्हणतात माणूस."

"व्हय अप्पा," भागोजी म्हणाला. तीस वर्षं या बागेत काढलेल्या भागोजीला ते फारसं आवडलं नाही.

नितेशनं नाकाला रुमाल बांधला, नवी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि फवारणीची नळी हातात घेतली. हे काम त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती हे खरंच होतं. त्याचे वडील दर मार्गशीर्षात मंडणगडहून रत्नागिरीच्या बागांत यायचे ते पावसाच्या तोंडावर परतायचे. तिसरी-चौथीत असताना तोही नाताळच्या सुट्टीत त्यांच्याबरोबर यायचा आणि पाईप ओढायचा. मालकांच्या पडवीत जेवायचं, ताट स्वतः धुवायचं आणि कठड्यावर पालथं घालायचं. पालथं ताट दिसलं की आतल्या बाईला कळायचं, माणूस जेवला. "ताट पालथं घालायला विसरू नकोस," एवढं एकच वडील त्याला दटावून सांगायचे. पुढे त्यांनी कर्ज काढून त्याला शिकवलं ते कशासाठी, हेही त्यानं त्या कठड्यावर बसूनच समजून घेतलं होतं.

आणि आज तो पुन्हा तिथेच आला होता. एक दिवसाचं तर आहे, तो मनाशी म्हणाला. नीरजा सांगेल. संध्याकाळी सगळे हसतील.

कोपऱ्यातल्या, गडग्याला टेकलेल्या जुन्या कलमापाशी अप्पांनी त्याला थांबवलं. "याला सावकाश दे. खालून वर. घाई नको." मग काठीवर दोन्ही हात ठेवून ते उभे राहिले. भागोजी दूर पिंपापाशी होता. पंपाच्या आवाजात अप्पा अंदाजानं, गरजेपेक्षा मोठ्यानं बोलत होते.

"हे मथुरेचं. माझी मुलगी. दहावी झाली तेव्हा स्वतःच्या हातानं लावलंन. घरात कुणापाशी बोलू नकोस हो. तिचं नाव काढलं की सगळे गप्प होतात. सूनबाई तर उठून आत जाते. म्हणून मी काढत नाही. कोपऱ्यातलं कलम म्हणतो." ते थोडा वेळ वर मोहोराकडे पाहत राहिले. "कोल्हापूरला होती. गेली. मला कुणी नेलं नाही. मी म्हटलं असतं तर नेलं असतं म्हणा. पण म्हणायचं कसं? आपणच आंघोळ करून बसलेलो."

नितेशनं नळीची तोटी बंद केली. याला काय उत्तर द्यायचं, आणि द्यायचं तर तेही ओरडून? अप्पांनी रुमालानं डोळे पुसले, औषध उडालं म्हणाले, आणि पुढच्या कलमाकडे निघाले.

*

दुपारी तीनला शौनक आणि त्याची बायको सावनी पुण्याहून गाडीनं आले. शौनकला, नीरजाच्या भावाला, सगळं आठ महिन्यांपासून माहीत होतं. "तू काळजी करू नको, मी आहे," असं त्यानं बहिणीला किमान तीनदा सांगितलं होतं. अंगणात गाडी लावताना पडवीच्या पायरीवर कपातून चहा पिणारा नितेश त्याला दिसला. फोटोवरून ओळखला. मान हलवली, आणि सरळ आत गेला.

"हा काय प्रकार आहे, आई?" सावनीनं स्वयंपाकघरात पाऊल टाकताच विचारलं. "तो बाहेर काय बसलाय?"

उमानं सांगितलं.

"मग सांगून टाका की. त्यात काय एवढं? पाहुणा म्हणून आलेला माणूस सकाळपासून औषध मारतोय, आणि आपण आत बसून कुजबुजतोय." सावनी ही पुण्यातली, स्पष्ट बोलणारी. लग्नाला पाच वर्षं होऊनही या घरानं तिला थोडं लांबच ठेवलं होतं. ती आपल्या बाजूनं बोलेल असं नीरजाला कधी वाटलं नव्हतं.

"तुला मथुराआत्याचं माहीत नाही," शौनक म्हणाला.

"मला सगळं माहीत आहे. लग्नाआधीच तुमच्या तीन नातेवाइकांनी सांगून झालंय."

"वहिनी बरोबर बोलत्ये. दादा, तू म्हणाला होतास मी आहे," नीरजा म्हणाली. "चल माझ्याबरोबर. मी ओरडते, तू नुसता बाजूला उभा राहा."

शौनकनं पाण्याचा पेला घेतला, अर्धा प्यायला, आणि म्हणाला, "आहेच गं मी. पण वेळ बघायला नको का? अप्पांचं वय बघ. आज किती दिवसांनी खूश आहेत ते बघ. त्यांचा मूड कशाला घालवायचा?"

"ते खूश आहेत ते नितेशवर."

"तेच म्हणतोय मी. राहू दे ना मग दोन दिवस. चांगलं मत झालं की सांगायला सोपं."

उमानं हळूच दुसरं कारण पुढे केलं. "आणि उद्याचा गुरुवार आहे. मार्गशीर्षातला शेवटचा. सावनी, तुझं उद्यापन. वाडीतल्या पंधरा बायकांना हळदीकुंकवाला सांगितलंय. उद्या घरात रडारड झालेली चालेल तुला?"

मूल व्हावं म्हणून सावनीनं हे गुरुवार धरले होते. ते कुणी बोलत नसलं तरी सगळ्यांना माहीत होतं. ती ओट्यावरच्या नारळाकडे पाहत राहिली.

"उद्या संध्याकाळपर्यंत थांब, नीरजा," ती अखेर म्हणाली. "बायका गेल्या की मी स्वतः ओरडून सांगते अप्पांना. माझा शब्द."

म्हणजे चौघांपैकी एकालाही वाईट व्हावं असं वाटत नव्हतं. यंदा एकादशी नेमकी त्याच गुरुवारी आली होती, तेव्हा नैवेद्य उपासाचा करायचा की पुरणाचा, या विषयाकडे मग सगळे वळले आणि त्यावर पाऊण तास बोलले. तेवढ्या वेळात पडवीतला कप धुऊन पालथा झाला.

संध्याकाळी अप्पांनी केक कापायला लावला. उमानं तुकडे केले. आधी घरात वाटले, मग कागदावर घालून बाहेर माणसांना. अप्पांनी स्वतः एक कागद नितेशच्या हातात दिला. "घे. खा. आमच्या नीरूनं आणलाय मुंबईहून. अंडं नाही हो यात."

"चांगला आहे," नितेश म्हणाला, आणि खाल्ला.

*

दिवेलागणीला नीरजा विहिरीपाशी त्याला गाठायला गेली. तो हातपाय धूत होता. औषधाचा वास त्याच्या शर्टाला बसला होता.

"रागावलास?"

"नाही गं. एक ऐक. आज सांग. आत्ता. मी तुला सांगतो, ते ऐकतील." त्यानं तिला कोपऱ्यातल्या कलमाची गोष्ट सांगितली.

"अप्पा मथुराआत्याबद्दल बोलले? शक्यच नाही. तुला काहीतरी चुकीचं ऐकू आलं असेल."

"ऐकू त्यांना येत नाही, नीरजा. मला येतं."

मग तिनं उद्याच्या गुरुवारचं सांगितलं, वहिनीच्या उद्यापनाचं, पंधरा बायकांचं. सांगताना तिला स्वतःलाच ते पटत गेलं. "एकच दिवस रे. उद्या बायका गेल्या की. वहिनीनं शब्द दिलाय."

"वहिनीनं?" त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. "आणि तू?"

"मी आहेच की."

"माझं काही नाही," तो म्हणाला. "दोन दिवस औषध मारल्यानं मी मरत नाही. बाबांनी तीस वर्षं मारलं. पण उद्यासुद्धा तू मला ओळख दाखवली नाहीस, तर परवा मी मुंबईत तुझ्याशी काय बोलू, तेवढं सांग."

या वेळी तो हसला नाही. नीरजाला ते जाणवलं. उद्या संध्याकाळ, उद्या संध्याकाळ, असं स्वतःला बजावत ती आत आली.

*

गुरुवारी नितेशनं उरलेल्या बागेला औषध मारलं. दुपारी एकला घरात पानं मांडली गेली. एकादशी म्हणून साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी. माणसांसाठी वेगळ्या पातेल्यात भात आणि तुरीची आमटी. उपास घरच्यांना, माणसांना भात, असा या घराचा जुना शिरस्ता होता.

उमा दोन पातेल्यांच्या मध्ये डाव घेऊन उभी राहिली. "नीरू, त्याला काय वाढू गो?"

नीरजा देवीचा हार ओवत होती. शेवंतीचं एक फूल सारखं सुटत होतं. माजघरातून पाटावर बसलेल्या अप्पांचा आवाज आला, "त्या माणसाला आधी वाढा. सकाळपासून राबतोय. उपाशी ठेवू नका हो त्याला. भात वाढा चांगला."

"भातच वाढ," नीरजा म्हणाली. "दे, मी नेते."

निदान आपण आपल्या हातानं नेऊ, असं तिच्या मनात होतं. तेवढी तरी ओळख. तिनं बाहेरच्या फळीवरचं स्टीलचं ताट घेतलं, भात वाढला, आमटी घातली, वर तूप सोडलं, लोणच्याची फोड ठेवली. पडवीत भागोजी आणि दोन बायका जेवत होत्या. त्यांच्यापासून जरा अंतरावर नितेश भिंतीला टेकून बसला होता. तिनं ताट त्याच्यासमोर ठेवलं.

त्यानं ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आज एकादशी ना?" त्यानं विचारलं.

"हो, म्हणून तर घरात..." आणि ती थांबली.

नितेशच्या आईच्या गळ्यात तुळशीची माळ होती. तो स्वतः माळकरी नव्हता, पण आईसाठी म्हणून दोन्ही एकादश्या धरायचा. हे नीरजाइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. ऑफिसजवळच्या उपाहारगृहात तो महिन्यातून दोनदा साबुदाणा वडा मागवायचा आणि ती त्याला चिडवायची, एवढा इंजिनीअर झालास आणि आईला घाबरतोस. दोन वर्षांत अशा चाळीस-पन्नास एकादश्या झाल्या असतील. तिनं एकेक लक्षात ठेवली होती. आजची तेवढी राहिली.

"थांब, मी खिचडी आणते," ती घाईनं म्हणाली आणि ताट उचलायला वाकली.

"राहू दे." त्यानं ताटाची कड धरली. "खिचडी घरच्यांची ना? आतून विचारतील, कुणाला दिलीस म्हणून. काय सांगशील?"

भागोजीचा घास हातातच राहिला. नीरजाला वाटलं, आता सांगावं. आत जावं आणि ओरडावं. माजघर चार पावलांवर होतं.

"वाढलेलं अन्न टाकू नये," नितेश म्हणाला. त्यानं भात कालवला आणि जेवायला लागला. शेवटच्या शितापर्यंत जेवला. मग उठून नळावर ताट घासलं, विसळलं, आणि कठड्यावर पालथं घातलं.

संध्याकाळी बायका आल्या. सावनीनं सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, केळं आणि पोथी दिली. निघताना शेजारच्या मनस्वीवहिनी पडवीकडे बघून म्हणाल्या, "हा नवा माणूस कोण गो? तरतरीत दिसतो."

कठड्याशी उभा राहून नितेश पाईप गुंडाळत होता. उमानं नीरजाकडे पाहिलं. सावनीनंही पाहिलं.

"फवारणीला आलाय," नीरजा म्हणाली. जीभ जराही अडखळली नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

बायका गेल्यावर सावनी शब्द पाळायला अप्पांच्या खोलीत गेली, पण दिवसभराच्या उपासानं थकून ते झोपले होते. सकाळी बघू, असं तिनं बाहेर येऊन सांगितलं. नीरजानं मान हलवली. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याचीच तिला शरम वाटली.

*

शुक्रवारी उजाडताना नीरजा बाहेर आली. पडवीत चटई गुंडाळून उभी करून ठेवली होती. पिशवी नव्हती. पंप पुसून जागेवर ठेवलेला, पाईप खुंटीला. कठड्यावर ताट पालथं, ताटावर पेला पालथा.

तिनं फोन पाहिला. पावणेसहाला निरोप आला होता. 'पंपाचा प्लग बदलून घ्या. फार दिवस चालणार नाही.' एवढाच. घ्या, असं लिहिलं होतं. दोन वर्षांत त्यानं तिला कधी घ्या म्हटलं नव्हतं.

पालीहून पहिली गाडी सहाला सुटायची. आता साडेसहा होत आले होते. ती पायरीवर बसली. तिला रडू येत नव्हतं. काल दुपारी नेमकं काय झालं ते ती पुन्हा पुन्हा आठवत होती. फूल सुटत होतं, आईनं विचारलं, आणि आपण म्हणालो, भातच वाढ. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी हात धरला नव्हता.

अप्पा काठी टेकत बाहेर आले. त्यांनी चटईकडे पाहिलं, खुंटीकडे पाहिलं.

"माणूस गेला काय गो?"

"गेला," ती म्हणाली.

"अं?" हात कानामागे गेला.

"गेला."

"परत येईल काय? तिसरी फवारणी आहे पंधरा दिवसांनी. असा माणूस सोडू नये हो. आपली माणसं धरून ठेवायची असतात."

नीरजा उठून उभी राहिली. भागोजी गडग्याचं बेडं सरकवून आत येत होता. शौनक तोंडात ब्रश धरून दाराशी आला होता. तुळशीपाशी सावनी तांब्या घेऊन होती, आणि तिच्यामागे उमा. सगळे होते. परवा सकाळीही सगळे होते.

"अप्पा," ती ओरडली. "तो कामाला आला नव्हता. मी लग्न करणार होते त्याच्याशी. तो माझा माणूस होता."

घरामागच्या बांधापर्यंत आवाज गेला. भागोजी बेडं हातात धरून थांबला. उमानं डोळे मिटले. तिला विहिरीच्या रहाटाचा आवाज ऐकू येत होता.

अप्पांना ऐकू आलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मग काठी भिंतीला टेकवून ते कठड्याकडे गेले. पेला उचलून बाजूला ठेवला. ताट उचललं, उलटं करून पाहिलं. लख्ख घासलेलं होतं.

"मग तू त्याला पडवीत का वाढलंस?" त्यांनी विचारलं.

नीरजा काही बोलली नाही. ती बोलली असेल, आपल्यालाच ऐकू आलं नसेल, असं वाटून अप्पांनी एका हातात ताट धरलं, दुसरा हात कानामागे नेला, आणि ते थांबून राहिले.